उद्योजकता-संशोधनाचे ग्रीष्मवर्ग

अर्थशास्त्राच्या किंवा इतिहासाच्या विद्यार्थ्याला प्रबंधलेखनाच्या काळात जे स्थैर्य अनायासे लाभते, म्हणजे आपल्या विषयाचा स्वतंत्र विभाग, त्यातील चार ज्येष्ठ अध्यापक, पिढ्यान्‌पिढ्या ठरत आलेली वाचनाची यादी आणि आपल्याच प्रश्नांशी झगडणारे सहाध्यायी, ते उद्योजकता या विषयावर पीएच.डी. करू पाहणाऱ्याच्या वाट्याला क्वचितच येते. त्याचे मार्गदर्शक वित्तशास्त्राचे असतात, नाहीतर मानसशास्त्राचे, नाहीतर व्यवस्थापनशास्त्राचे. त्याला हवे असलेले ग्रंथ ग्रंथालयाच्या निरनिराळ्या कपाटांत विखुरलेले असतात. आणि ज्याच्याशी या विषयावर बरोबरीच्या नात्याने तासभर बोलावे असा दुसरा विद्यार्थी त्याच्या विद्यापीठात बहुधा नसतोच. ही उणीव भरून काढण्यासाठी गेल्या काही दशकांत अमेरिकेत आणि युरोपात जो उपाय रूढ झाला, तो म्हणजे उन्हाळ्याच्या सुटीत निरनिराळ्या विद्यापीठांतील निवडक विद्यार्थ्यांना एका ठिकाणी जमवून, थोड्या दिवसांत पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत, या विषयातील जाणत्या संशोधकांकडून त्यांचा अभ्यास करवून घेणे हा होय. या वर्गांनी काय साधले, काय साधले नाही, आणि आपल्याकडे तसे काही करावयाचे झाल्यास कोणत्या रीतीने करावे, याचा विचार व्हावा इतके महत्त्व त्यांना आता खचित आले आहे.

या विषयाला पूर्वपरंपरा नाही असे नाही. रिचर्ड कँटिलॉन यांचा निबंध १७५५ साली प्रसिद्ध झाला तेव्हापासून निश्चित भावाने खरेदी करून अनिश्चित भावाने विक्री करणारा मनुष्य अर्थविचारात वावरत आहे. १९११ साली जोसेफ शुंपीटर यांनी त्याला आर्थिक विकासाचा कर्ता ठरविले, आणि १९२१ साली फ्रँक नाइट यांनी मोजता येणारी जोखीम व मोजता न येणारी अनिश्चितता यांत भेद करून नफ्याचे मूळ दुसऱ्या प्रकारात शोधले. १९४८ साली आर्थर कोल यांच्या नेतृत्वाखाली हार्वर्ड येथे उद्योजकतेच्या इतिहासाचे संशोधन-केंद्र स्थापन झाले, तेव्हा वृद्ध शुंपीटर त्याच्याशी निगडित होते. पण हे केंद्र १९५८ साली बंद पडले, आणि ज्या शास्त्रात समतोलाचे गणित मध्यवर्ती झाले त्यात उद्योजकाला जागा उरली नाही, ही तक्रार विल्यम बॉमोल यांना १९६८ साली जाहीरपणे करावी लागली. पुढे विषयाला आसरा मिळाला तो अर्थशास्त्राच्या विभागांत नव्हे, तर व्यवस्थापनाच्या विद्यालयांत. १९७४ साली कार्ल व्हेस्पर यांच्या पुढाकाराने अमेरिकेतील व्यवस्थापन-अध्यापकांच्या अकादमीत या विषयाचा एक छोटा गट निघाला, १९८१ पासून बॅब्सन महाविद्यालयाची वार्षिक संशोधन-परिषद भरू लागली, आणि १९८७ साली त्या छोट्या गटाला अकादमीच्या पूर्ण शाखेचा दर्जा मिळाला. अभ्यासक्रम झपाट्याने वाढले. ते शिकवू शकणारे, विशेषतः संशोधकांना घडवू शकणारे अध्यापक मात्र त्या वेगाने निर्माण झाले नाहीत. ग्रीष्मवर्गांचा उगम या विषमतेत आहे.

उन्हाळ्यात विद्वानांनी एकत्र येण्याची प्रथा अमेरिकेतील सामाजिक शास्त्रांत आधीपासूनच होती. काउल्स आयोगाने १९३५ ते १९४० या काळात कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे ज्या ग्रीष्म-परिषदा भरविल्या, त्यांत संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र यांचा जो मेळ बसला त्यातून पुढच्या काळातील अर्थमितीची पायाभरणी झाली. मिशिगन विद्यापीठात १९६३ पासून चालणारा संख्यात्मक पद्धतींचा ग्रीष्म-अभ्यासक्रम हा दुसरा दाखला. ज्यांच्या स्वतःच्या विद्यापीठात सर्वेक्षणाचे शास्त्र शिकविणारा कोणी नव्हता असे असंख्य तरुण अभ्यासक तेथे शिकून परतले. मॅसॅच्युसेट्‌समधील केंब्रिज येथील राष्ट्रीय आर्थिक संशोधन संस्था १९२० साली स्थापन झालेली; मार्टिन फेल्डस्टीन यांच्या कारकीर्दीत, १९७८ पासून, तिचे ग्रीष्म-संमेलन भरू लागले. उद्योजकता-संशोधनाचा जो वर्ग आज सर्वांत प्रसिद्ध आहे तो याच संस्थेचा. जुलै महिन्यात, संमेलनाच्याच दिवसांत, तो भरतो. लष्करी प्रशिक्षणावरून त्याला ‘बूट कॅम्प’ हे नाव पडले आहे. जॉश लर्नर यांच्यासारखे व्हेंचर कॅपिटलचे ख्यातनाम अभ्यासक त्याच्या संयोजनात राहिले आहेत.

त्याचा खर्च उचलला तो कॅन्सस सिटीच्या कॉफमन प्रतिष्ठानाने. युइंग मॅरियन कॉफमन या गृहस्थांनी १९५० साली आपल्या घराच्या तळघरात औषधांचा व्यवसाय सुरू केला, तो भरभराटीस आणला, आणि त्या संपत्तीतून हे प्रतिष्ठान स्थापन केले. उद्योजकांना प्रत्यक्ष साहाय्य करण्याबरोबरच उद्योजकतेविषयीचे ज्ञान निर्माण करणाऱ्यांनाही पोसले पाहिजे, ही या प्रतिष्ठानाची दृष्टी मला विशेष आदरणीय वाटते. प्रबंध लिहिणाऱ्या निवडक विद्यार्थ्यांना २०,००० डॉलरांची शिष्यवृत्ती, नव्या व्यवसायांची दीर्घकाळ पाहणी आणि ग्रीष्मवर्ग या तिन्ही गोष्टी त्याच्या द्रव्यबळावर चालल्या. म्हणजे विद्यार्थी, सामग्री आणि शिक्षण यांची तजवीज एकाच वेळी झाली. एका विषयाची संशोधन-परंपरा जाणूनबुजून उभी करण्याचा इतका सलग प्रयत्न अन्यत्र क्वचितच झाला असेल.

अशा वर्गात शिकविले काय जाते? याद्यांवरून पाहिल्यास नवउद्योगांचे अर्थसाहाय्य, नोकरी सोडून धंद्यात पडण्याचा निर्णय, एका प्रदेशात उद्योगांची दाटी होण्याची कारणे, नवसंशोधन व पेटंट हे विषय दिसतात. परंतु माझ्या मते वर्गाचे खरे अध्यापन या विषयांच्या तपशिलात नसून एका संशयात आहे, आणि हा संशय विद्यार्थ्याच्या अंगी मुरविणे हेच त्याचे मुख्य कार्य होय. उद्योजकतेविषयी जे काही आपण ऐकतो ते बहुतांशी टिकून राहिलेल्यांच्या तोंडून ऐकतो. १९१० साली उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीची कथा मराठी घराघरांत वाचली गेली आणि ती वाचली जावी हे योग्यच होते. पण तितक्याच निष्ठेने माळरानावर कारखाना काढून जे बुडाले त्यांचे चरित्र कोणी लिहिले नाही, आणि म्हणून चिकाटी, काटकसर व धडाडी या गुणांनी यश मिळते की हेच गुण अंगी असूनही अनेकांना अपयश येते, हे केवळ चरित्रांवरून कधीच ठरविता येणार नाही. जे दिसत नाही त्याची मोजदाद करण्याची पद्धत शिकल्यावाचून या विषयात पाऊल टाकणे धोक्याचे आहे.

हा संशय कसा काम करतो याचे उदाहरण म्हणून भांडवलाचा प्रश्न घ्यावा. धंदा सुरू करण्यात भांडवलाचा अभाव आड येतो काय, या प्रश्नाचे उत्तर कोणीही सुज्ञ मनुष्य विचार न करता होकारार्थी देईल. १९८९ साली डेव्हिड एव्हान्स व बॉयन योव्हानोविच यांनी अमेरिकेतील आकडेवारीवरून दाखविले की ज्यांच्यापाशी संपत्ती अधिक ते स्वतंत्र व्यवसायाकडे अधिक वळतात, आणि यावरून कर्जाची टंचाई हा मोठा अडसर असल्याचा निष्कर्ष निघाला. पण संपत्ती आणि उद्योग या दोहोंच्या मुळाशी तिसरेच काही, उदाहरणार्थ कर्तबगारी किंवा वडिलांचा व्यवसाय, असल्यास काय? मग वारशाकडे लक्ष वळले, कारण वारसा हा स्वतःच्या कर्तबगारीने मिळत नाही. आणि मोठा वारसा मिळालेले लोक धंद्यात अधिक टिकतात असे करविषयक दप्तरांच्या आधारे १९९४ साली सांगितले गेले. त्यानंतर दहा वर्षांनी एरिक हर्स्ट व ॲनामारिया लुसार्डी यांनी एक अनपेक्षित प्रश्न विचारला: जो वारसा अजून मिळालेलाच नाही, पुढे मिळावयाचा आहे, त्याचा आजच्या धंद्याशी संबंध आहे काय? संबंध आढळला. भविष्यात यावयाचा पैसा आजची अडचण दूर करू शकत नाही; तेव्हा वारसा हा केवळ पैशाचा नव्हे तर कुळाच्या व्यवसायी वळणाचाही निदर्शक आहे हे मान्य करावे लागले. त्यांनीच असेही दाखविले की संपत्तीच्या क्रमवारीतील सर्वांत वरचे सुमारे ५ टक्के वगळले तर संपत्ती वाढल्याने धंदा सुरू करण्याची शक्यता जवळजवळ वाढतच नाही.

तर मग भांडवलाचा प्रश्न निकालात निघाला काय? मुळीच नाही. श्रीलंकेतील अगदी लहान व्यावसायिकांना सुरेश डी मेल, डेव्हिड मकेन्झी व ख्रिस्तोफर वुड्रफ यांनी चिठ्ठ्या टाकून १०,००० किंवा २०,००० श्रीलंकन रुपयांचे साहाय्य दिले, तेव्हा त्या भांडवलावर दरमहा सुमारे ५ टक्के प्राप्ती होत असल्याचे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात दिसून आले. बाजारातील व्याजापेक्षा ही प्राप्ती कितीतरी अधिक. आणि तरीही स्त्रियांनी चालविलेल्या व्यवसायांत सरासरीने हा लाभ दिसला नाही, ज्याची कारणे शोधण्यात पुढची कित्येक वर्षे गेली. एकाच प्रश्नाची ही चार वळणे एका सकाळीत, ती घेणाऱ्या पिढीतील अध्यापकाच्या तोंडून ऐकणे, आणि प्रत्येक वळणावर मागच्या पुराव्यात काय उणे होते हे स्वतः शोधून सांगण्याची सक्ती असणे, याचे मोल एकट्याने बसून केलेल्या वर्षभराच्या वाचनाहून कमी नाही असे मला निश्चितपणे वाटते.

लोकमान्य समजुती अशाच रीतीने एकेक करून तपासल्या गेल्या आहेत. डेव्हिड बर्च यांनी १९७९ साली लहान व्यवसायच बहुतांश रोजगार निर्माण करतात असे प्रतिपादन केले आणि राजकारण्यांनी ते उचलून धरले. १९९६ साली डेव्हिस, हॅल्टिवँगर व शू यांनी त्या गणितातील दोष दाखविले. आणि २०१३ साली हॅल्टिवँगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी खरा भेद लहान-मोठेपणाचा नसून नव्या-जुन्याचा आहे हे स्पष्ट केले. स्वतःचा धंदा करणाऱ्या अमेरिकी पुरुषांचे मध्यम उत्पन्न दहा वर्षांनंतर नोकरीतील तशाच माणसापेक्षा सुमारे ३५ टक्के कमी असते, हा बार्टन हॅमिल्टन यांचा २००० सालचा निष्कर्ष तर लोक धंद्यात पडतात तरी का, हा प्रश्नच नव्याने उभा करतो. आणि विशीतल्या तरुणांनाच मोठे उद्योग साधतात ही समजूत घ्यावी, तर अमेरिकेत सर्वाधिक वेगाने वाढलेल्या दर हजारातील एका नवउद्योगाच्या संस्थापकांचे सरासरी वय प्रारंभाच्या वेळी ४५ वर्षे होते.

हे सर्व शक्य झाले ते सामग्रीमुळे, आणि सामग्रीची ओळख करून देणे हे ग्रीष्मवर्गाचे दुसरे मोठे काम. धंदा सुरू होण्यापूर्वीच, तो मनात आणि धडपडीत असतानाच उद्योजकाला गाठण्यासाठी पॉल रेनॉल्ड्स यांनी १९९८ ते २००० या काळात ६४,६२२ अमेरिकी प्रौढांची चाचपणी केली आणि त्यांतून ८३० होऊ घातलेले उद्योजक हाती लागले. बुडणारेही मोजले जावेत म्हणून एवढा खटाटोप. कॉफमन प्रतिष्ठानाने २००४ साली सुरू झालेल्या ४,९२८ व्यवसायांचा २०११ पर्यंत वर्षानुवर्षे पाठपुरावा केला तो याच हेतूने. कोणत्या वर्षी प्रश्नावली बदलली, बंद पडलेला आणि विकला गेलेला व्यवसाय यांत फरक कसा ओळखावा, उत्तर न देणाऱ्यांना काय वजन द्यावे, या गोष्टी छापील लेखांत फारशा नसतात. त्या जाणत्यांकडून समक्षच शिकाव्या लागतात.

युरोपात निराळी वाटही चोखाळली गेली. बार्सिलोनाचे स्वायत्त विद्यापीठ आणि स्वीडनमधील वेक्शो विद्यापीठ यांनी १९९० च्या सुमारास मिळून जो युरोपीय अभ्यासक्रम सुरू केला, त्यात निरनिराळ्या देशांतील विद्यार्थी दीर्घकाळ एकत्र राहून शिकत आणि मग प्रबंधाकडे वळत. अशा संथ शिक्षणात विचार पिकण्यास अवसर मिळतो. पण तसा खर्च व तशी मुदत फार थोड्या संस्थांना झेपते.

ग्रीष्मवर्गांविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात त्यांतील एक मला गंभीर वाटतो. पंचवीस-तीस विद्यार्थी एकाच वेळी त्याच आठ-दहा अध्यापकांकडून शिकले, म्हणजे चांगला प्रश्न कोणता आणि चांगला पुरावा कोणता याविषयी त्यांची अभिरुची एकसारखी होते. मोठी सरकारी दप्तरे, चतुर नैसर्गिक प्रयोग, व्हेंचर कॅपिटल मिळालेले उद्योग यांना मान मिळतो. एखाद्या बाजारपेठेत दोन वर्षे राहून केलेले निरीक्षण, जुन्या पेढीच्या खातेवह्यांचे वाचन, कुटुंबाच्या आतील व्यवहार यांना दुय्यम स्थान मिळते. कोल यांच्या केंद्राने इतिहासाला जे स्थान दिले होते ते आजच्या वर्गांत क्वचितच दिसते, आणि ही हानी मला खरोखर मोठी वाटते. कारण उद्योजकाचा निर्णय ज्या काळात व ज्या समाजात घेतला जातो त्यापासून तो तोडून काढला की आकडे शिल्लक राहतात, पण त्या निर्णयाचा अर्थ हातातून निसटतो.

आणि या वर्गांनी खरोखर गुण येतो काय? वर्गाला बसलेले कित्येक विद्यार्थी पुढे नामवंत विद्यापीठांत अध्यापक झाले, एवढे सांगून भागणार नाही. मुळात ज्यांची निवड झाली ते निवड झाली नसती तरी पुढे आलेच असते, हा संशय याच वर्गाने शिकविलेला आहे आणि तो वर्गालाही लागू केला पाहिजे. सुदैवाने जवळच्या क्षेत्रात एक प्रामाणिक परीक्षा झालेली आहे. अमेरिकी अर्थशास्त्र-संघटनेने तरुण स्त्री-अध्यापिकांसाठी २००४ पासून जी मार्गदर्शन-शिबिरे भरविली, त्यांत अर्जदारांची निवड चिठ्ठी टाकून केली आणि निवड न झालेल्यांचीही नोंद ठेवली. शिबिर अवघे दोन दिवसांचे. तरी पाच वर्षांनंतर त्यात सहभागी झालेल्या स्त्रियांचे सरासरीने तीन लेख अधिक प्रसिद्ध झाले होते. अल्पमुदतीच्या सहवासाचा परिणाम टिकतो याचा हा भक्कम पुरावा होय. मात्र तो मार्गदर्शनाचा व ओळखींचा परिणाम आहे, संशोधन-पद्धतीच्या अध्यापनाचा आहे असे त्यावरून म्हणता येत नाही.

अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाची कसोटी या विषयात प्रथम लागली ती भारतातच, हे आपण विसरू नये. डेव्हिड मॅक्लेलँड यांनी १९६४ च्या सुमारास हैदराबादच्या लघुउद्योग-संस्थेच्या साहाय्याने काकिनाडा येथील व्यावसायिकांसाठी थोड्या दिवसांचे निवासी वर्ग घेतले आणि तुलनेसाठी राजमहेंद्री हे गाव ठेवले. प्रशिक्षितांत व्यवसायविस्ताराची हालचाल अधिक आढळली असे त्यांनी व डेव्हिड विंटर यांनी १९६९ च्या ग्रंथात नमूद केले. त्या निष्कर्षांवर पुढे वाद झाले, पण उद्योजक घडविता येतो ही कल्पना येथे रुजली. १९८३ साली अहमदाबादला भारतीय उद्योजकता विकास संस्था निघाली, १९८८ साली औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र निघाले, आणि उद्योजक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी हजारो वर्ग भरले. उद्योजकतेचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांसाठी मात्र अहमदाबादच्या संस्थेची संशोधन-परिषद व काही व्यवस्थापन-संस्थांतील अभ्यासक्रम यांपलीकडे फारसे काही उभे राहिले नाही. जे आहे तेही महाराष्ट्रातील एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाही. धनंजयराव गाडगीळ यांनी भारतीय व्यापारी वर्गाच्या उगमाचा जो मागोवा १९५९ साली प्रसिद्ध केला, त्याच्या मागोमाग पुण्यात एक परंपरा निर्माण होऊ शकली असती. ती झाली नाही याची खंत वाटते.

सामग्री तर आपल्याकडे विपुल आहे. २०१३ च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशभर सुमारे ५.८५ कोटी आस्थापना मोजल्या गेल्या. २०१५-१६ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची संख्या सुमारे ६.३४ कोटी आली आणि त्यांतील निम्म्याहून किंचित अधिक ग्रामीण भागातील होते. पण या सामग्रीचे खाचखळगे अमेरिकेतील वर्गात कोणी शिकविणार नाही. गुमास्ता परवाना एकाच्या नावावर, कर्ज दुसऱ्याच्या आणि दुकान प्रत्यक्षात चालविणारी तिसरीच व्यक्ती, हा आपला नित्याचा शिरस्ता आहे; धंदा बंद पडल्यावर नोंदणी रद्द करण्यास कचेरीत कोणी सहसा जात नाही, म्हणून दप्तरात जन्म दिसतो आणि मृत्यू दिसत नाही; आणि धंदा करावयाचा निर्णय एका माणसाने घेतला हे ज्या प्रश्नावल्यांचे गृहीत आहे, ते इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याच्या किंवा मालवणच्या खाणावळवालीच्या घरात टिकत नाही.

म्हणून आपल्याकडे असा वर्ग निघावयाचा तर तो मे महिन्याच्या सुटीत, तीन आठवड्यांचा असावा, आणि त्यातील पहिला आठवडा व्याख्यानांत न घालविता जिल्हा उद्योग केंद्राच्या नोंदवह्या, बँकेच्या कर्जप्रकरणांचे नमुने आणि प्रत्यक्ष बाजारपेठ यांत घालवावा, असे माझे मत आहे. विद्यार्थ्याने एका गल्लीतील दुकानांची दप्तरातील यादी घेऊन ती दारोदार पडताळून पाहावी, म्हणजे जिवंत व मृत व्यवसायांचा हिशेब त्याच्या हाताखालून जाईल. त्यानंतर पद्धतींचे कठोर अध्यापन व्हावे, त्यात इतिहासकाराला आणि मानवशास्त्रज्ञाला अर्थशास्त्रज्ञाइतकाच वेळ मिळावा, आणि अखेरच्या दिवसांत प्रत्येकाने आपल्या प्रबंधाचा मसुदा सर्वांपुढे मांडावा. प्रवास व निवासाचा खर्च संयोजकांनी सोसावा, नाहीतर गडचिरोली व सिंधुदुर्ग येथील विद्यार्थी येणार नाहीत. पात्र अर्जदार जागांपेक्षा अधिक असतील, आणि ते असतीलच, तर निवड चिठ्ठ्या टाकून करावी, व निवड न झालेल्यांची नावेही त्यांच्या संमतीने नोंदवून त्यांच्या कामाचा मागोवा किमान दहा वर्षे घ्यावा. वर्गाने कोणाचे काय भले केले हे तेव्हाच पुराव्यानिशी सांगता येईल.